नळी कातली की नळीला झिलई दिली?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : रायफलीसाठी मागवलेलं अर्धतयार बॅरल ओळखीच्या मशिनिस्टकडून 'फिनिश' करून घेतलं. मराठीत लिहिताना 'बॅरलला झिलई दिली' म्हणू का? आणि 'कातणे' फक्त सुतालाच लागतं ना?

झिलई नको. झिलई म्हणजे चकाकी, आणि इथे चकाकीचा प्रश्न शेवटी येतो, आला तर. कारखान्यातून येते ती आरपार भोक असलेली पोलादी नळी. आत पीळदार चर पाडलेले असतात (.३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलीला बहुधा दहा इंचांत एक फेरा), पण काडतूस बसायला जागा नसते आणि नळी रायफलीत फिरवून बसवायला आटेही नसतात. ते काम बाकी असतं. तेव्हा 'नळी पुरी करून घेतली' असं साधं लिहा.

'कातणे' मात्र बेलाशक वापरा. लाकूड फिरतं ठेवून त्याला आकार देणारे ते कातारी. 'कातीव बांधा' म्हणतो तेव्हाही सूत कुणाच्या मनात नसतं. संस्कृतात 'कृत्' धातू दोन : कृन्तति म्हणजे कापतो, कृणत्ति म्हणजे सूत काततो. 'कर्तन' या एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात. लेथवरही वस्तू गरगर फिरते आणि हत्यार तिला कापतं, त्यामुळे शब्द शोभतो.

मशिनिस्टबद्दल जरा जपून. आपल्या आयटीआयमध्ये टर्नर आणि मशिनिस्ट हे वेगळे ट्रेड आहेत, आणि लेथ हे टर्नरचं राज्य. अमेरिकेतला मशिनिस्ट लेथही चालवतो, मिलिंगही करतो. इथल्या वाचकाला 'टर्नर' म्हटलं की चित्र लगेच दिसेल. (तो लगेच कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे निघू नये म्हणून एवढंही लिहा, की भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार असं काम परवान्याशिवाय करता येत नाही.)

'आटे' बाहेरचे, आतले ते 'चर'. ही गल्लत फार होते. चेंबरला 'काडतुसाचं घर' म्हणावं. बेअरिंगला घर असतं, तसं काडतुसालाही. ते किती खोल गेलं हे गेजने तपासतात : .३०८ विंचेस्टरसाठी 'गो' (हा घरात बसून बोल्ट बंद झालाच पाहिजे) १.६३० इंच, 'नो-गो' (यावर बोल्ट बंद होता कामा नये) १.६३४. मधलं अंतर इंचाचे चार हजारांश. सुताराचं सूत इंचाचा आठवा भाग, म्हणजे इथे 'सूतभर फरक' लिहिलात तर अनर्थ.

राहिला क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कातलेली कड. 'मुकुट' लिहिलंत तर लोक हसतील. गोळी बाहेर पडताना मागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटावा म्हणून नळीच्या तोंडाची कड अगदी समान कातलेली लागते. एका बाजूला खरचटलेली असली तर नेम बिघडतो. 'नळीचं तोंड कातलं' एवढं पुरे.