आधी अबोला सोडा, मग आयटीआयचं बोलू

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला दहावीला 74 टक्के आहेत. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचाय, पुढे अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून काम, करायची आहे. बाबांनी मात्र अकरावी सायन्स आणि जेईईचा क्लास तिला न विचारताच ठरवून टाकलाय. 'तुम्ही तिला समजवा,' असं तुम्ही म्हणता. पण टक्के आणि फी यांच्यामध्ये तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: 'गेले बारा दिवस तिचे बाबा तिच्याशी बोलत नाहीत.' मी तिथेच अडकले.

सोळा वर्षांच्या मुलीला बारा दिवस फार होतात. रागावणाऱ्या बापाशी निदान भांडता येतं, अबोल्याशी कसं भांडणार? ती एक तर हट्टाला पेटेल, नाही तर हार मानेल. आणि हार मानून सायन्सला गेली, तर प्रत्येक टेस्टचा पेपर हातात पडताना तिच्या मनात एकच धास्ती असेल, आज घरी बोलणं पुन्हा बंद होणार का. मार्कलिस्ट दप्तराच्या तळाशी लपवणारी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्यातली बरीचशी हुशार असतात. अभ्यासापेक्षा घरातल्या शांततेला ती जास्त भ्यालेली असतात. तेव्हा समजवायचंच असेल तर मी तिच्या बाबांना समजवेन.

तिला समजवावं असं मला पत्रात काही दिसलंच नाही. उलट तुम्ही तक्रार म्हणून जे सांगितलंत, ते मला फार आवडलं. घरातला प्लग चालत नव्हता, टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत दिवा लागत होता. सगळे गोंधळले आणि ती म्हणाली, 'न्यूट्रल तुटलाय.' बरोबर होतं तिचं. फेजच्या वायरने करंट येतो, न्यूट्रलच्या वायरने परत जातो. न्यूट्रल तुटला आणि त्याच लाइनवर एखादा दिवा किंवा पंखा चालू असला, की फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या वायरमध्ये येतो. मेन स्विच बंद करून तिने सुटलेली काळी वायर शोधली. दहावीच्या मुलीने असा विचार करणं ही साधी गोष्ट नाही. मात्र तिला माझा एक निरोप द्या: शिकवणारं माणूस शेजारी असल्याशिवाय बोर्ड उघडायचा नाही, आणि टेस्टर विझला म्हणून वायर मेली असं कधीच धरायचं नाही.

आता तुमची अट. 'अप्रेंटिसनंतर कंपनी कायम करणार असेल तर बाबा तयार होतील.' हा गैरसमज घरोघरी आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकाऊ असतो. त्याला नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन कायदा कंपनीवर घालत नाही. रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांसाठी लेव्हल-1, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात, पण तीसुद्धा भरतीच, आपोआप मिळणारी नोकरी नव्हे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर साधारण वर्षभराच्या अप्रेंटिसशिपमध्ये मिळतं ते स्टायपेंड, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पॅनल, मोटर, केबल यांवर जाणत्या हाताखाली काम. तेवढं मिळावं म्हणून दोन गोष्टी बघा. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला हवा, नुसतं 'ट्रेनी' लिहिलेलं पत्र चालणार नाही. आणि वर्षभर पॅकिंगला उभं केलं तर गप्प बसू नका, ट्रेडचं काम मागा. ते तिच्या हक्काचं आहे.

पुढे वायरमनचा, मग सुपरवायझरचा परवाना काढता येतो. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत हा ट्रेड चालतो. इंजिनिअरिंगचं दारही बंद होत नाही, दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

'मुलीने खांबावर चढायचं का?' असंही तुम्ही विचारलंय. चढेल, शिकवलं आणि सेफ्टी बेल्ट दिला तर. शिवाय या ट्रेडचं बरंचसं काम जमिनीवरच असतं: कंट्रोल पॅनल, मोटर वाइंडिंग, सोलर इन्व्हर्टर, लिफ्ट. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, वारंवार पडते म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 ची बसवणारे पुष्कळ भेटतात. मग एमसीबी पडायची थांबते आणि भिंतीतली वायर तापत राहते. एमसीबी का पडते हे शोधणारं माणूस मुलगा आहे की मुलगी, याने काय फरक पडतो?

आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात आणि तारखा निघून जातात. फॉर्म आधी भरून टाका. इलेक्ट्रिशियनला मागणी जास्त असते, म्हणून जवळच्या दोन-तीन आयटीआयचे पर्याय द्या.

हे पत्र बाबांना वाचायला द्या. त्यांचं मत बदललं नाही तरी चालेल, वाद घालू देत. पण आज रात्री त्यांनी तिला हाक मारावी आणि विचारावं, दोन्ही भोकांत दिवा लागत होता तरी न्यूट्रलच तुटलाय हे तुला कसं कळलं? आणि तिचं सांगून होईपर्यंत ऐकावं.