शेल बदलला आणि एनव्हीएम हरवलं?

अरे, पुन्हा इन्स्टॉल करू नकोस. एनव्हीएम (nvm, म्हणजे नोड.जेएसच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ही स्वतंत्र प्रोग्रामची फाइल नाहीच. ते शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लोड होणारं फंक्शन आहे. म्हणून प्रोग्रामची फाइल शोधणारी 'विच' (which) कमांड त्याला बॅश या शेलमध्ये शोधू शकत नाही. लोड करणाऱ्या ओळी तुझ्या 'बॅशआरसी'त (.bashrc, बॅशची कॉन्फिग फाइल) असतील, आणि मॅकवर २०१९च्या मॅकओएस कॅटलिनापासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल (zsh) मिळतो. त्याच ओळी झेडशेलच्या '.zshrc' फाइलमध्ये टाक, टर्मिनल नव्याने उघड. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

फिश या शेलची गोष्ट वेगळी. त्याचं व्याकरणच निराळं, त्या ओळी तिथे चालत नाहीत. दोन-तीन शेल वापरणार असशील तर सरळ एफएनएम (fnm, हेच काम करणारं दुसरं साधन) घे: ते खरं बायनरी, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रामची फाइल आहे, बॅश, झेडशेल, फिश, पॉवरशेल सगळीकडे चालतं आणि प्रोजेक्टमधली नोडची आवृत्ती सांगणारी 'एनव्हीएमआरसी' (.nvmrc) फाइलही वाचतं. फक्त प्रत्येक शेलच्या कॉन्फिगमध्ये त्याची एक ओळ लागते.