वय वाढल्यावर नावे का आठवत नाहीत आणि हिशोबाला वेळ का लागतो?

आपण लिहिले आहे की आपले वडील 68 वर्षांचे असून एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. भरल्या गाडीत उभ्या उभ्या तिकिटांचा हिशोब चोख ठेवणारे वडील आता कपिलतीर्थ मंडईत सुट्टे पैसे घेताना गोंधळतात, शेजाऱ्यांच्या जावयाचे नाव त्यांना ऐन वेळी आठवत नाही, आणि ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे ना, अशी घरात धास्ती आहे. मी येथेच कोल्हापुरात एका महाविद्यालयात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी वयानुसार येणाऱ्या मंदपणात सहज बसतात, एवढे मी जबाबदारीने सांगू शकतो.

म्हातारपणी मेंदूतल्या पेशी भराभर मरतात, असा एक जुना समज आहे. निरोगी वार्धक्यात बहुतेक चेतापेशी शाबूत असतात. विरळ होतात त्या त्यांच्या फांद्या आणि एका पेशीला दुसरीशी सांधणाऱ्या जोडण्या. चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते व त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतात. उतारवयात हे आवरण जागोजागी झिजते, आणि रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला असेल तर त्या भागातील बारीक रक्तवाहिन्याही खराब होऊन झीज वाढते. कपाळामागचा, म्हणजे लक्ष एकवटणे आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी मनात धरून ठेवणे ही कामे करणारा भाग इतर भागांपेक्षा जास्त आकसतो. नव्या आठवणी बांधणारा हिपोकॅम्पसही आकसतो, आणि डोपामिन या रसायनाचे काम दर दशकागणिक थोडे थोडे उणावत जाते.

या सगळ्याचा पहिला फटका बसतो तो वेगाला. विचारांचा वेग तिशीच्या आसपासच हळूहळू उतरू लागतो, मात्र साठीपर्यंत तो आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी 1996 मध्ये जी मांडणी केली, ती मला आपल्या वडिलांच्या बाबतीत फार उपयोगाची वाटते. त्यांचे म्हणणे असे की आपण ज्याला विस्मरण म्हणतो, त्याचा मोठा भाग मुळात वेग कमी झाल्याचा परिणाम असतो. मंडईतलेच उदाहरण घ्या. भाजीवाली मावशी एका दमात सांगते, मेथी 15, वांगी 30, कोथिंबीर 10, मिरची 20. तिसरा आकडा मिळवून होईपर्यंत पहिल्या दोहोंची बेरीज मनातून पुसट झालेली असते, मागचे गिऱ्हाईक पिशवी पुढे करते, आणि वडील हातातल्या नोटेकडे पाहत उभे राहतात. बेरीज त्यांना आजही येते. पायऱ्या चढायला वेळ लागल्यामुळे खालची पायरी हातून सुटते, इतकेच. घरी आल्यावर त्यांना शांतपणे खुर्चीवर बसवून तेच चार आकडे कागदावर द्या. उत्तर बरोबर आले, तर आपली निम्मी काळजी तेथेच मिटेल.

नावांचे कारण थोडे वेगळे आहे. माणूस सुतार असला तर त्या शब्दाला लाकूड, करवत, रंधा अशा कितीतरी गोष्टी चिकटलेल्या असतात आणि त्यांतल्या कोणत्याही वाटेने तो शब्द सापडतो. विशेषनामाला असा आधार नसतो. चेहरा आणि नाव यांच्यामध्ये एकच बारीक धागा असतो, आणि वयानुसार तोच आधी सैल पडतो. ‘अगदी जिभेवर आहे’ असे वडील म्हणतात, तेव्हा ते खरेच बोलत असतात. पहिले अक्षर सांगितल्यावर नाव चटकन आठवले, किंवा थोड्या वेळाने जेवताना आपोआप आठवले, तर ते आत जागेवर आहे असे समजावे. घरातले लोक प्रेमापोटी त्यांचे वाक्य स्वतःच पुरे करतात, ते मात्र थांबवायला हवे, कारण शोधण्याची संधीच मिळाली नाही तर माणूस हळूहळू बोलायचेच टाळू लागतो.

मंदावत नाही असेही पुष्कळ असते. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले: नवे कोडे झटपट सोडवणारी प्रवाही बुद्धी आणि अनुभवातून मुरलेली बुद्धी. पहिली लवकर उतरते, दुसरी साठीनंतरही टिकून राहते. आमच्या गावच्या गुऱ्हाळावर सत्तरी ओलांडलेले एक गुळवे होते. मजुरीचा हिशोब त्यांना दोनदा सांगावा लागे. परंतु काहिलीतल्या रसाचा फेस पाहून, थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून ते ‘उतरवा’ म्हणाले की त्या क्षणाला तरणी पोरेसुद्धा शंका घेत नसत. आपल्या वडिलांना आजही कोणत्या फाट्यावर कोणते गाव लागते हे विचारून पाहा.

आता काळजीची बाजू. माझ्या आईच्या विस्मरणाकडे एका दवाखान्यात ‘वय झाले आता’ असे म्हणून पाहिले गेले आणि आमचे आठ महिने वाया गेले. पुढे रक्त तपासल्यावर बी-12 हे जीवनसत्त्व फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ती पुन्हा देवीच्या आरतीच्या वेळेची आम्हाला आठवण करून देऊ लागली. ते आठ महिने मला अजून सलतात. म्हणून सांगतो, बी-12, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासल्याशिवाय वयाला दोष देऊ नये. मनाची उदासी आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांच्यामुळेही स्मरण ढासळल्यासारखे दिसते. कानांचीही तपासणी करावी. नाव नीट ऐकूच आले नसेल तर ते लक्षात राहणार कसे?

तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे आणि खूण सांगूनही काही न आठवणे, महाद्वार रोडसारख्या पायाखालच्या रस्त्यावरून घरी येताना वाट चुकणे, वर्षानुवर्षे हाताखालचे असलेले चहा करण्यासारखे काम मध्येच अडणे, किंवा स्वतःला काहीच वाटत नसताना घरच्यांना स्वभावात बदल जाणवणे, यांपैकी काही दिसले तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका.

चालणे मात्र उद्यापासूनच सुरू करावे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 55 ते 80 वयाच्या 120 जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस सुमारे 40 मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिपोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा सुमारे 1.4 टक्क्यांनी घटला. नंतरच्या सर्व प्रयोगांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही, तरी रक्तदाब आणि साखर यांच्यासाठी चालणे हिताचेच आहे. सकाळी रंकाळ्यावर वडिलांसोबत आपणही जावे, आणि वाटेत त्यांच्या जुन्या मार्गावरच्या गाड्यांविषयी विचारावे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत तारीख, काय विसरले, कोणत्या वेळी, भोवती गडबड होती का आणि खूण दिल्यावर आठवले का, एवढे लिहून ठेवा. वडील घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक असली तरी, त्या वहीसोबत पिशवीत घाला.