तुझे गुण लपवू नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल जाता जाता तू विचारलंस, "बाई, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या साइटवर प्रवेश परीक्षा ऐच्छिक आहे असं लिहिलंय. मग एसएटी देऊच नको का?" तुला क्लासला पळायचं होतं, आणि एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर दारात उभं राहून द्यायचं नव्हतं मला.

दे. नक्की दे.

आधी तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं प्रवेशाचं पान स्वतः वाच, तेही तू अर्ज करशील त्या वर्षासाठीचं. मैत्रिणीच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केलं, यावर जाऊ नकोस. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांनी अशा परीक्षेचे गुण देण्याची अट सैल केली. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड या विद्यापीठांनीही तेच जाहीर केलं. येलने एसएटी, तशीच दुसरी परीक्षा एसीटी, आणि एपी व आयबी या वेगळ्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा असे चार पर्याय ठेवले, पण सांगलीत बसून तुला त्यातले पहिले दोनच खरे. उलट कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ, म्हणजे बर्कली आणि लॉस एंजेलिसवालं, प्रवेश ठरवताना हे गुण पाहतच नाही.

उरतात ती खरोखर ऐच्छिक असलेली कॉलेजं. गफलत होते ती इथेच.

डार्टमथने अट परत आणली ती आपल्याच प्राध्यापकांच्या अभ्यासावरून. त्यांना असं दिसलं की साध्या परिस्थितीतली मुलं आपले गुण कमी आहेत असं समजून ते पाठवत नव्हती, आणि पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता. कारण तिथे आकडा सुटा वाचत नाहीत. कुठल्या शाळेतून, कुठल्या परिस्थितीतून आला, ते बघून वाचतात. मुंबईच्या महागड्या शाळेतल्या मुलाचे १६०० पैकी १४२० आणि सेमी इंग्रजीतून शिकलेल्या तुझे १४२० ते एका मापाने मोजत नाहीत. शिवाय आपलं कॉलेज त्यांना कुठे माहीत आहे? आपल्या बोर्डाचे ८८ टक्के म्हणजे किती, हे त्यांना समजावून सांगणारं तुझ्या अर्जात दुसरं काय असणार?

हे मी उशिरा शिकले. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला १४२० मिळाले होते. एका सल्लागाराने त्याला सांगितलं, पंधराशेच्या खाली असतील तर दाखवू नकोस. मी गप्प बसले. वाटलं, मोठ्या शहरातल्या माणसाला जास्त कळत असेल. त्याला कुठूनच होकार आला नाही. गुण पाठवले असते तर आला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या अर्जातली सगळ्यात भक्कम गोष्ट आम्ही कपाटात ठेवून दिली, ही बोच अजून जात नाही.

आता परीक्षेचं. २ तास १४ मिनिटं, ९८ प्रश्न, एकूण १६०० गुण, सगळं लॅपटॉपवर. विषय दोनच, इंग्रजी आणि गणित. प्रत्येकाचे दोन भाग असतात, आणि पहिला कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड, हे ठरतं. म्हणून पहिल्या भागात घाई नको. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुला जेईईमुळे प्रश्न कोरा सोडायची सवय लागली आहे, ती इथे मोडावी लागेल. एकही जागा रिकामी ठेवायची नाही. गणित तुला सोपं जाईल. चुका होतील त्या प्रश्न नीट न वाचल्यामुळे.

इंग्रजीत माझी काळजी अर्धविरामाची आहे. मराठीत आपण दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडतो आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत तिथे अर्धविराम लागतो, नुसता स्वल्पविराम चूक धरतात, आणि या परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतात. ब्लूबुक या परीक्षेच्याच ॲपवरच्या सराव परीक्षा आणि खान अकॅडमी या साइटवरचा अभ्यास दोन्ही फुकट आहेत. एवढं पुरेसं आहे. बाबांना क्लासच्या फीसाठी कर्ज काढू देऊ नकोस.

पहिला प्रयत्न अकरावीतच कर, मार्चमध्ये. बहुतेक ठिकाणी नियमित अर्जाची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर आणि जेईईच्या पहिल्या सत्राच्या आधी. तेव्हा एसएटी डोक्यावर नको. कमी पडले तर ऑगस्टमध्ये पुन्हा देता येते, आणि अनेक कॉलेजं दोन्ही वेळचे विषयवार चांगले गुण घेतात. केंद्र पुण्यात मिळालं तर आदल्या दिवशीच जा. पहाटेच्या एसटीने जाऊन परीक्षेला बसायचं नाही.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात कर. शाळेच्या दाखल्यावर तुझं आडनाव आधी आहे, मग तुझं नाव, मग बाबांचं. आधारवर क्रम वेगळा आहे, आणि आईने नावाचं स्पेलिंगही वेगळं सांगितलेलं दिसतंय. ओळखपत्रावरचं नाव आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर केंद्राच्या दारातून परत पाठवतात. पासपोर्ट लागणारच आहे, तर तो काढताना नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवू आणि पुढे सगळीकडे तेच लावू.

रविवारी दाखला, आधार आणि दहावीची मार्कलिस्ट घेऊन ये. आईलाही आण.

तुझी,
बाई