डाग की वण? आधी बोट फिरवून बघा

नमस्कार डॉक्टर मॅडम, मी २४ वर्षांची आहे. नागपुरात नरेंद्रनगरहून रोज स्कुटीने मिहानला नोकरीला जाते. दोन वर्षं खूप मुरूम होते. आता अधूनमधून एखादा येतो, पण दोन्ही गाल 'स्कार्स'नी भरलेत. पार्लरमध्ये लेझरच्या सहा सिटिंगचं ३० हजारांचं पॅकेज सांगितलं आहे. आई म्हणते, संत्र्याच्या सालीची पावडर आणि लिंबू लाव. दिवाळीनंतर घरात माझ्या लग्नाचं बघणं सुरू होणार आहे, म्हणजे हातात चारच महिने आहेत. पॅकेज घेऊ का? सोबत फोटो पाठवत आहे.

बेटा, पैसे भरले नसशील तर थांब. तुझ्या फोटोंत मला काळपट डाग दिसले, खड्डा एकही दिसला नाही. पण फोटो तू समोरून उजेड घेऊन काढले आहेस आणि तशा उजेडात खड्डे बुजल्यासारखे दिसतात. म्हणून नुसत्या फोटोवर मी हे ठरवणार नाही. तू घरीच एक कर.

सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता, खिडकीपाशी आरसा घेऊन बस. घरातले दिवे बंद ठेव. उजेड एका बाजूने गालावर आला पाहिजे. जिथे खड्डा असेल तिथे छोटी सावली पडेल. मग डोळे मिट आणि बोटाचं टोक गालावरून हळूच फिरव. डागावरून बोट गेलं आणि काहीच लागलं नाही, आजूबाजूच्या कातडीइतकंच सपाट वाटलं, तर तो नुसता रंग आहे. बोट कुठे खाली उतरलं किंवा एखाद्या गाठीवर चढलं, तर तो वण. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, पण घरात आपण दोन्हींना डागच म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या निम्म्या चुका तिथून सुरू होतात, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहायची. लहानपणी आलेल्या देवीचे वण तिच्या चेहऱ्यावर होते. १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, आजी त्यानंतरही कितीतरी वर्षं जगली, पण गालावरचे ते खड्डे शेवटपर्यंत तसेच राहिले. त्याच आजीच्या मनगटावर फोडणीचं तेल उडायचं. तिथे काळा ठिपका पडायचा आणि सहा-आठ महिन्यांत आपोआप पुसून जायचा. दोन्ही तिच्याच कातडीवर घडत होतं. तेलाने फक्त वरचा रंग बिघडवला होता, देवीने आतला गिलावाच काढून नेला होता.

मुरमाचंही असंच आहे. मुरूम सुजतो तेव्हा कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी चिडतात आणि मेलॅनिन जास्त ओततात. आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीत त्या पेशी मुळातच जास्त चपळ असतात, म्हणून मुरूम बसला तरी मागे तपकिरी ठिपका उरतो. वरची कातडी साधारण चार आठवड्यांत नवी होते आणि थोडा थोडा रंग घेऊन झडते. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. तो खालच्या थरात उतरला असेल तर राखाडी-निळसर दिसतो आणि त्याला वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. एखादा डाग लालसर असेल तर त्यावर काचेचा स्वच्छ ग्लास हलकेच दाबून बघ. लाली दाबाखाली नाहीशी झाली तर तो रंगाचा डाग नव्हे, रक्तवाहिन्या अजून फुगलेल्या आहेत. त्याला गोरेपणाची क्रीम लावून काही होत नाही. तो बहुधा वेळेनेच जातो.

आता लेझर. लेझर म्हणजे कातडीला मोजून दिलेली उष्णता. आपल्या रंगाच्या कातडीवर ती उष्णता चुकली की कातडी पुन्हा चिडते आणि जिथे डाग घालवायला गेलो तिथे मोठा डाग पडतो. नुसत्या सपाट डागांसाठी मी सुरुवातीलाच लेझर हातात घेत नाही. आणि मशीन चालवणारी व्यक्ती डॉक्टर नसेल तर कुणालाच तिथे पाठवत नाही.

साली आणि लिंबाबद्दल आईला माझं नाव सांग. सतराव्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत, मी हेच केलं होतं. अंबिया बहाराची संत्री घरात आली होती. साली गच्चीवर वाळवल्या, कुटल्या, त्यात लिंबू पिळलं आणि आठ दिवस गाल घासले. डाव्या गालावर आग झाली आणि तिथे हाताच्या अंगठ्याएवढा काळा पट्टा उमटला, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत होता. खरखरीत पावडरीने कातडी खरचटते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर तो भाजल्यासारखा डाग पाडतो. नागपूरची संत्री खावीत, सोलून गालावर घासू नयेत. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही तसेच.

मग करायचं काय? आधी नवा मुरूम थांबवायचा. एक नवा मुरूम म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचा एक नवा डाग. त्यासाठी रात्री अडॅपॅलीन ०.१ टक्का हे मलम, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्यावर पातळ. नुसत्या डागावर ठिपके देऊ नकोस. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, कारण कातडी कोरडी होते आणि सोलते. त्यावर साधं मॉइश्चरायझर. सकाळी अझेलेइक ॲसिड, १० ते २० टक्के. ते पहिले काही दिवस टोचतं, मग सवय होते. ते मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं, म्हणून माझ्या चिठ्ठीत ते फार वेळा असतं. एकदम दोन्ही सुरू करू नकोस, पंधरा दिवसांचं अंतर ठेव.

आणि सनस्क्रीन. याबाबत मी हट्टी आहे. बाकी सगळं लावलं आणि हे नाही लावलं, तर रात्री पुसलेला रंग दिवसा पुन्हा भरला जातो. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, दोन बोटांवर लांब रेघ ओढून जेवढं येईल तेवढं, चेहऱ्याला आणि मानेला. कातडीच्या रंगाचं, म्हणजे टिंट असलेलं मिळालं तर तेच घे. त्यातलं आयर्न ऑक्साईड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं आणि आपल्या कातडीवर तो उजेडही डाग गडद करतो. सध्या आभाळ भरलेलं आहे म्हणून सोडू नकोस, ढगांतूनही किरण येतात. ऑफिसमध्ये खिडकीपाशी बसत असशील तर दुपारी पुन्हा लाव.

तू स्कार्फ बांधत असशीलच, आपल्याकडे वर्धा रोडवर उघड्या चेहऱ्याची मुलगी शोधून सापडत नाही. चांगली सवय आहे. फक्त स्कार्फ सुती हवा आणि रोज धुतलेला हवा. कालच्या घामाचा, घट्ट बांधलेला कपडा दिवसभर हनुवटीला घासला की तिथेच मुरूम येतात. जबड्याच्या कडेने ओळीने आलेले मुरूम दिसले की मी आधी स्कार्फ बघायला मागते.

चार महिन्यांत किती फरक पडेल? पहिला फरक दोन-तीन महिन्यांनी दिसतो, चौथ्यापर्यंत बरेच डाग फिके झालेले असतील, सगळे नाही. तेव्हाही काही उरलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडून सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिडचं सौम्य पील, म्हणजे कातडीचा वरचा थर हलकेच सोलून काढणं, करता येतं. ते तुझ्या ३० हजारांपेक्षा बरंच स्वस्त पडेल. दर आठवड्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो काढ. रोजच्या आरशात फिकं होणं कळत नाही आणि मुली दीड महिन्यात औषध सोडून देतात.

मॅडम, आम्ही काटोलचे. मुलगा १७ वर्षांचा, नीटच्या क्लाससाठी नागपुरात होस्टेलवर आहे. चेहराभर मोठे, दुखणारे मुरूम आहेत आणि खड्डे पडून राहिले आहेत. सगळे म्हणतात वय आहे, आपोआप जाईल. पोरगं फोटो काढू देत नाही, लग्नकार्याला येत नाही. खड्डे भरायचं कोणतं क्रीम आहे का?

ताई, वयाने मुरूम जातात, खड्डे जात नाहीत. म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत मला घाई आहे. खड्डे भरणारं क्रीम अजून कुणी बनवलेलं नाही, ट्यूबवर काहीही छापलेलं असो.

आधी खड्डे पडणं थांबवायला हवं. दुखणाऱ्या, खोल गाठी आणि वण पडत असलेले मुरूम यांना बऱ्याचदा पोटातून आयसोट्रेटिनॉइन द्यावं लागतं. वजनावरून मात्रा ठरते, यकृताच्या आणि चरबीच्या तपासण्या होतात, ओठ फार कोरडे पडतात. कुणाच्या सल्ल्याने दुकानातून आणून देऊ नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. क्लासला दांडी पडेल म्हणून टाळू नका, एक सकाळ पुरते. मनाने तो फार खचलेला वाटला तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, औषध ठरवताना त्याचा विचार होतो. त्याला एवढंच सांगा की अभ्यास करताना बोटं चेहऱ्यावर जाऊ देऊ नकोस. रात्री पुस्तकासमोर बसून मुरूम फोडणारी मुलं मी खूप पाहते आणि त्यांचे खड्डे नेमके हात पोचतो त्या गालावर जास्त असतात. जिमची व्हे पावडर घेत असेल तर काही महिने बंद करून बघा, काही मुलांत तिने मुरूम वाढतात.

मुरूम आटोक्यात आले की मग खड्डे. ते तीन तऱ्हेचे असतात आणि बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही मिसळलेले सापडतात. दाभणाने टोचल्यासारखं अरुंद, खोल भोक असतं. तिथे तीव्र टीसीए ॲसिडचा थेंब काडीच्या टोकाने नेमका तळाशी टेकवतात. वर पांढरं होतं, खपली धरते आणि तळ हळूहळू वर येतो. असं अनेकदा करावं लागतं. दुसरा कडा असलेला, कांजण्यांच्या वणासारखा. तिसरा लाटेसारखा पसरट. गाल दोन बोटांनी ताणला की तो नाहीसा होतो. त्याला खालून दोऱ्यांसारख्या तंतूंनी ओढून धरलेलं असतं. जागा बधिर करून कातडीखाली सुई फिरवतात आणि ते तंतू सोडवतात. याला सबसिजन म्हणतात. माझ्या स्वतःच्या कानशिलाजवळ असे तीन होते, शिकत असताना मी ते एका वर्गमैत्रिणीकडून करून घेतले. आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. दोन खड्डे जवळपास सपाट झाले, तिसरा आहे तिथेच आहे.

सगळ्यांसोबत मायक्रोनीडलिंग धरतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा. बारीक सुयांनी केलेल्या जखमा भरताना आत नवं कोलॅजेन तयार होतं. ते महिनोन्‌महिने बनत राहतं, म्हणून निकाल शेवटच्या वेळेनंतर तीन महिन्यांनी बघायचा. घरी वापरायचा सुयांचा रोलर ऑनलाइन मिळतो, तो मागवू नका. चालू मुरमांवर फिरला तर जंतू गालभर पसरतात. निम्मे खड्डे भरले तरी मी ते चांगलं यश मानते आणि हे पेशंटला आधीच सांगते. कुणी पूर्ण गुळगुळीत चेहऱ्याची हमी दिली तर तिथून उठून या.

मी ३१ वर्षांची, चौथा महिना सुरू आहे. डागांसाठी मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब वर्षभर लावली. चेहरा उजळला होता. आता लावली नाही की आग होते, चेहरा लाल होतो, गालांवर लव वाढली आहे आणि दोन्ही गालांवर तपकिरी चट्टे आहेत.

ताई, ट्यूबच्या खोक्यावर बारीक अक्षरांत बघा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि त्याला जोडून मोमेटासोन किंवा तसलंच काही लिहिलेलं असेल. ते तिसरं नाव स्टेरॉइडचं आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो त्यात त्याचाही हात असतो आणि नंतर त्याच्यामुळेच कातडी पातळ होते, लव येते, मुरूम येतात, ट्यूब सोडवत नाही. २०१८मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी ती हातात पडतातच.

गरोदरपणात यातलं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही नको, म्हणून ही ट्यूब बंदच करायची. पण बंद केल्यावर काही आठवडे चेहरा भडकतो, तो काळ त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काढा. याच आठवड्यात दाखवा आणि ट्यूब सोबत न्या. आतापर्यंत लावली म्हणून घाबरून जाऊ नका, ट्रेटिनॉइन कातडीतून रक्तात फार थोडं जातं; हायड्रोक्विनोन मात्र त्याहून बरंच जास्त जातं. म्हणून तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले चट्टे मुरमाचे नसून बहुधा वांग आहे, ते गरोदरपणात वाढतं. सध्या टिंटवालं सनस्क्रीन आणि डॉक्टर म्हणतील तर अझेलेइक ॲसिड, ते या दिवसांत चालतं. बाकी सगळं बाळंतपणानंतर.

वय २८, पुरुष. छातीवर मुरूम आले होते, तिथे कडक, गुलाबी, खाजणाऱ्या गाठी राहिल्या आहेत आणि वाढत आहेत. कापून काढता येतील का? त्या झाकायला वर टॅटू काढायचा विचार आहे.

हा केलॉइड वाटतो, म्हणजे खड्ड्याच्या उलट. जखम भरताना कातडी थांबायचंच विसरली आणि मुरमाच्या हद्दीबाहेर वाढत गेली. नुसतं कापलं तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा परत येतो. गाठीच्या आत ट्रायअमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन साधारण दर चार आठवड्यांनी देतात. खाज लवकर थांबते, गाठ सपाट व्हायला महिने लागतात. वरून सिलिकॉनची पट्टी लावता येते. पाठीवर, खांद्यांवर मुरूम असतील तर त्यांचे उपचार आजच सुरू करा, कारण तिथेही असंच होऊ शकतं. टॅटूचा विचार सोडा. सुई जिथे जिथे टोचेल तिथे तुमची कातडी अशीच गाठ धरू शकते.