रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं आणि ओटीपोट जड वाटतं, पण रिपोर्ट नॉर्मल आहेत. पाणी कमी करू का?

तुम्ही लिहिलंय की वय 54, पाळी जाऊन तीन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर आणि लघवीची साधी तपासणी नॉर्मल आली, तरी रात्री चार-पाचदा उठावं लागतं. ओटीपोट जड वाटतं, अधूनमधून आगही होते.

ताई, एकदम पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तराला ती जास्त झोंबते, आग वाढते, आणि थोडी साठली तरी कळ लागते. आधी मोजा. रात्री सारखं उठावं लागण्यामागे मुख्यतः दोन कारणं असतात. एक तर रात्री लघवीच जास्त तयार होते, नाहीतर ती नेहमीइतकीच होते पण पिशवी धरून ठेवत नाही. दोन्हींचे उपाय निराळे आहेत, म्हणूनच एकीला गुण आलेली गोळी दुसरीला उपयोगी पडत नाही.

मोजण्यासाठी खुणा असलेला 500 मिलीचा प्लास्टिकचा मग पुरतो. तीन दिवस, सलग नसले तरी चालतील, दर वेळची वेळ आणि मिली वहीत लिहा. घाई झाली का, थेंब गळले का, दुखलं का, हेही शेजारी लिहा. काय प्यायलात, किती आणि कधी, हे चहा-ताकासकट मांडा. झोपायला गेल्याची आणि सकाळी उठल्याची वेळ टिपा. इथे एक चूक बऱ्याच जणींकडून होते. झोपण्याआधीची लघवी दिवसाच्या खात्यात जाते, पण सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या खात्यात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते.

समजा चोवीस तासांत 1,700 मिली झाली आणि त्यातली 800 रात्रीची निघाली. म्हणजे जवळजवळ 47 टक्के. पासष्टीच्या पुढे हा आकडा 33 टक्क्यांवर गेला, तर रात्री लघवी जास्त बनते असं धरतात. तरुणपणी ही मर्यादा 20 टक्क्यांच्या आसपास असते आणि तुमच्या वयाला या दोन्हींच्या मधली समजा. याउलट रात्रीची एकूण 400च निघाली, पण दर खेपेला 80-100 मिलीच झाली, तर अडचण पिशवीची आहे, कारण निरोगी पिशवीत 300 ते 500 मिली सहज मावते. दोन्ही एकत्रही असू शकतं. आणि चोवीस तासांची एकूण लघवी तीन लिटरच्या वर जात असेल, तर साखर पुन्हा तपासायला हवी, या वेळी एचबीए1सीसकट, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीसकट.

रात्रीची लघवी जास्त निघाली तर पहिलं लक्ष पायांकडे द्या. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबल्यावर खळगा पडतो का, चपलेच्या पट्ट्याचे वळ राहतात का? दिवसभर उभं राहून किंवा पाय लोंबते ठेवून बसल्याने पायांत पाणी उतरतं. आडवं झालं की तेच रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. मग झोपताना घोटभरही पाणी प्यायलं नसलं तरी उठावं लागतं. दुपारी तीन-चारच्या सुमाराला तासभर आडवं पडून पाय छातीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवले, तर हे पाणी झोपेआधीच निघून जातं.

आता तुमच्या रक्तदाबाच्या गोळीची पट्टी वाचा. अम्लोडिपिन असेल तर घोटे सुजणं हा तिचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. हायड्रोक्लोरोथायझाइडसारखं लघवी वाढवणारं औषध जोडगोळीत असेल आणि तुम्ही ती रात्री जेवणानंतर घेत असाल, तर कारण तिथेच असू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण वेळ किंवा गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मीठही यात येतं. जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि ते रात्री सोडतं. जेवणातलं पापड-लोणचं, खारवलेली मिरची, वरून घेतलेलं मीठ दोन आठवडे बंद करून पाहा. पाण्याचं म्हणाल तर दिवसाचं एकूण प्रमाण दीड-दोन लिटर ठेवा, मात्र त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहापर्यंत संपवा. प्रवासात किंवा कामावर स्वच्छ शौचालय नसतं म्हणून कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी आल्यावर तांब्या रिकामा करतात. त्याची भरपाई रात्रीच्या झोपेतून होते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी थांबवा. उन्हाळी लागली म्हणून झोपताना धने-जिऱ्याचं किंवा सब्जाचं पाणी घेत असाल, तर ते सकाळी घ्या. रात्रीची पातळ पेज, कलिंगड, ताक हेही पाणीच आहे. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करा, त्यानेही रात्रीची लघवी वाढते.

दर खेपेला थोडीच होत असेल, तर तुमच्या वयात मला पहिली शंका पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाची येते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं की योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं. मग आग होते, घाई होते, संसर्गही पुन्हा पुन्हा होतो, आणि संसर्ग नसतो तेव्हा रिपोर्ट नॉर्मल येतो. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा देतात. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने जाऊ शकतात, आठवड्यात सोडू नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय लावू नका. अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, तेही त्यांना सांगा, कारण त्यामुळे पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. लघवी केल्यावर किती उरते, हे सोनोग्राफीत मोजून मिळतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही दूर करा, भरलेलं आतडं पिशवीवर दाबत राहतं.

कळ आली की लगेच धावू नका. जागीच बसा, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, लाट ओसरू द्या आणि मग चालत जा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं थांबा, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. हा सराव दिवसा करायचा, रात्री नाही. केगेलचा व्यायाम म्हणजे आठ-दहा वेळा आवळणं, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत धरणं आणि तितकंच सैल सोडणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

पण पिशवी भरत गेली की दुखणं वाढतं आणि लघवी झाली की उतरतं, असं सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) स्वच्छ असेल, तर केगेल करू नका. हे पिशवीच्या वेदनेचं दुखणं असू शकतं. त्यात ओटीतले स्नायू आधीच ताठरलेले असू शकतात, आणखी आवळले तर त्रास वाढतो. तिथे सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी उपयोगी पडते. टोमॅटो, लिंबू-संत्रं, तिखट, कॉफी, सोडा यांतलं एकेक आठवडाभर बंद करून आपल्याला काय बाधतं ते ओळखा. सगळं एकदम तोडलं तर काहीच कळत नाही.

कल्चरला नमुना दिल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नका. क्षारयुक्त सिरपने आग थांबते, जंतू मरत नाहीत. लघवीत पू-पेशी वारंवार दिसतात पण कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं झालं तर आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयरोगही तपासावा लागतो. त्यासाठी तीन दिवस पहाटेचा नमुना देतात.

पिशवी शांत करणाऱ्या औषधांची वेळ आलीच तर सोलिफेनासिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं, आणि गुण दिसायला चार ते आठ आठवडे लागतात. रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं, बायकांत जास्त, म्हणून आधी आणि नंतरही सोडियम तपासतात.

लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, किंवा लघवी तुंबणं, यांपैकी काहीही झालं तर वही पूर्ण व्हायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा ठेवा, आणि उठताना अर्धा मिनिट पलंगाच्या कडेवर बसून मगच पाय टाका.