सकाळी खाल्लेला वडापाव दुपारपर्यंत पोटात जड का वाटतो? तो जठरातच पचतो ना?

नाही, पचनाचं मोठं काम जठराच्या पुढे, लहान आतड्यात होतं. सुरुवात मात्र तोंडातच होते. पावाचा तुकडा न गिळता मिनिटभर चावत राहा, गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखर करत असतं. दादरला लोकल गाठायच्या घाईत आपण नेमकं हेच टाळतो, दोन घासांत वडा आत! मग न चावलेल्या तुकड्यांचा लगदा करायचं काम जठरावर पडतं.

अन्ननलिका जेमतेम 25 सेंटीमीटरची, ती घास फक्त खाली ढकलते. जठरात आम्ल आणि पेप्सिन बेसनातली प्रथिनं तोडायला घेतात. आता तुमच्या जडपणाचं कारण: तळणाचं तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून संप्रेरकं सुटतात आणि जठराचा वेग कमी होतो. पुढचा माल थोडा थोडाच सोडला जातो. म्हणून इडली लवकर उतरते, वडा रेंगाळतो.

लहान आतडं सुमारे 6 मीटर लांब. यकृताचं पित्त तेलाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज ते तोडतं. आतली भिंत मखमलीसारखी, बोटांसारख्या असंख्य बारीक उंचवट्यांची. तिथूनच अन्नरस शोषला जातो. मोठं आतडं उरलेलं पाणी ओढून घेतं.

साधं खाऊनही रोज जडपणा येत असेल, तर नुसतं अँटासिड घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.